हवा न लागलेली बाजू

नेरच्या बसस्थानकाजवळच्या एका टपरीवर तुम्ही उभे आहात. हे नेर धुळ्याकडचं नव्हे आणि मोर्शीजवळचं नेर पिंगळाईही नव्हे. हे नेर परसोपंत, अमरावतीहून यवतमाळला जाताना लागतं ते. एप्रिल महिना, दुपारचे साडेचार, ऊन अजून पांढरंफटक. पाटीवर ‘मटका चहा’ लिहिलंय. टपरीवाला मातीचा कप पुढे करतो आणि तुम्ही तो काठाला धरून घेता, कारण अंगाला धरवत नाही.

पहिल्या घोटाला ओठ कपाच्या कडेला किंचित चिकटतो. मातीला झिलई नसली की ती ओठाचं पाणी पिते. वळवाचा वास येतो आणि मागून आल्याचा. कप हातात फिरवला की एका अंगाला अंगठ्याएवढा काळा डाग दिसतो. बाकी कप विटकरी. काठाजवळ मोहरीएवढा एक पांढरा ठिपकाही आहे. तो राहू द्या, त्याच्याकडे नंतर येऊ. आत्ता अंगठा काळ्या डागावर ठेवा.

आधी हॉर्न जातात. मग टपरीवरचं गाणं, फ्रीजची घरघर, मोबाइलचा टॉवर. २०२० येतं आणि सरतं: सगळ्या रेल्वे स्थानकांवर कुल्हडात चहा मिळेल, अशी पीयूष गोयल यांची घोषणा. २००४: तीच घोषणा लालूप्रसादांच्या तोंडी. रेल्वेमंत्री बदलतात, कुल्हड पुन्हा पुन्हा नव्याने येत राहतो. १९९४: मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचं वाफेचं इंजिन निवृत्त होतं. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं इंजिन ते. पण तुम्ही उलटे चालला आहात, म्हणून तुमच्यापुरतं ते पुन्हा धूर सोडू लागतं. नेरला मात्र ही गाडी कधी आलीच नाही, दारव्ह्यावरून निघून गेली. शिट्टी ऐकू यायची नाही. विजेचे खांब उपटले जातात, प्लास्टिक नाहीसं होतं, मग स्टील. पायाखालचं डांबर जाऊन तिथे फुफाटा येतो आणि तुम्ही थांबता.

साल १९३८. वैशाख तोंडावर आहे. ऊन तेवढंच, पण पत्रे नाहीत, त्यामुळे डोळ्यांना कमी बोचतं. गावाच्या कडेला, वारा वस्तीकडून बाहेर जाईल अशा बाजूला कुंभारवाडा आहे. तुम्हाला वाटलं होतं भट्टी म्हणजे विटांची, धुराड्याची काहीतरी बांधलेली वस्तू असेल. इथे तसलं काही नाही. जमिनीत परातीसारखा उथळ खड्डा आहे, राखेने पांढरा झालेला. याला आवा म्हणतात. तो दर खेपेला नव्याने रचायचा आणि भाजून झाला की मोडायचा. मागच्या आव्याने काय शिकवलं ते पुढच्याला लागू पडेलच असं नाही, कारण पुढच्या खेपेला गोवऱ्या वेगळ्या, वारा वेगळा, आणि आवा तर पहिल्यापासूनच वेगळा.

“काऊन उभे राह्यले? टोपलं उचला,” एक म्हातारा कुंभार म्हणतो. तुम्ही कोण, कुठून आलात हे त्याने विचारलेलंच नाही. आवा रचायच्या दिवशी दोन रिकामे हात दिसले की कुंभार चौकशी करत बसत नाही.

टोपल्यात बोळकी आहेत. कच्ची, राखाडी, वाळलेली. हातात घेतली की बिस्किटासारखी वाटतात आणि तितकीच ठिसूळ. रांजण, घागरी, माठ हा त्याचा नेहमीचा माल. अक्षय तृतीया आठवड्यावर आली आहे. पितरांच्या नावाने पाणी भरायला घरोघर नवं मडकं लागणार, म्हणून हा आवा चुकवून चालणार नाही. बलुत्याचं धान्य त्यावर ठरतं. बोळक्यांची मागणी मात्र नवीन आहे. बाजारात एकाने चहाचं हॉटेल काढलंय, त्याला हवीत.

“लहान लेकरायचे बोळके हायेत म्हणलं त्याले. चहाले नाई. तो म्हणते, असेच दे.”

चहा अजून गावात पुरता मुरलेला नाही. चहावरच्या करातून मळेवाल्यांच्या मंडळाने देशभर प्रचारक फिरवले आहेत. बाजारात, जत्रेत ते फुकट चहा पाजतात. म्हातारा स्वतः पीत नाही. “गरम पाण्याले पैसे कायले?” हा त्याचा सवाल, आणि प्रचारकांकडे त्याला उत्तर असेल असं मला वाटत नाही.

पण हॉटेलात कपबशा असताना बोळकी कशाला? हे तुम्ही विचारता तेव्हा म्हातारा हातातलं काम थांबवत नाही. आत बाकावर बसणाऱ्यांना कपबशी. बाहेर उभं राहणाऱ्यांना बोळकं. पिऊन झालं की ज्याचं त्याने फोडून टाकायचं, म्हणजे हॉटेलवाल्याला उष्टं धुवायला नको आणि बाहेरच्याचा कप आतल्याच्या कपाला लागायला नको. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ अशा वेगवेगळ्या आरोळ्या ज्या काळात उठत, तो हा काळ. आज तुम्ही ज्याला मातीचा सुगंध म्हणून दहा रुपये जास्त मोजता, त्या एकदाच वापरायच्या कपाच्या पाठीशी हा विटाळही आहे. महाराष्ट्राने पुढे चहासाठी चिनी मातीची कपबशी पसंत केली आणि बशीत ओतून फुर्रकन पिण्याची रीत धरली. कुल्हड उत्तरेचा, भांड बंगालचं. आपल्याकडे बोळकं होतं, पण ते सुगडाच्या वाणाचं, खेळातल्या चुलीवरचं. चहाला ते असं मागच्या दाराने आलं.

माती कशी केली ते आता विचारून घ्या, कारण संध्याकाळी कुणी बोलणार नाही. इथली माती काळी, कापसाची. कापसाला ती आई आहे, कुंभाराला सावत्र. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या उगाच नाही. तिचं नुसतं मडकं केलं तर सावलीतच तडकेल. म्हणून नाल्यातला गाळ घ्यायचा, त्यात वाळू, राख आणि गाढवाची लीद मिसळायची. लिदीत अर्धवट पचलेलं गवत असतं. ते आव्यात जळून जातं आणि मातीत बारीक पोकळ्या ठेवून जातं. पाण्याच्या वाफेला बाहेर पडायला त्याच वाटा, आणि उन्हाळ्यात माठ पाझरून पाणी थंड होतं तेही त्यांच्यातूनच. मग पायांनी तुडवायची, तळव्याला खडा लागेनासा होईपर्यंत. म्हाताऱ्याची सून तुडवते आहे. ती मध्येच थांबते, वाकते, बोटांनी एक पांढरा कण काढून फेकते.

“चुनखडी,” म्हातारा सांगतो. “हे लय वंगाळ. बाकीचं मडकं आव्यात फुटते, नाईतर मंग फुटत नाई. चुनखडीचं मडकं घरी जाऊन फुटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कोनी हात लावला नसन, तरी.”

त्याला रसायन माहीत नाही आणि त्याची गरजही नाही. काळ्या मातीत चुनखडीचे खडे जागोजाग असतात. आगीत खड्याचा कळीचा चुना होतो. थंड झाल्यावर तो हवेतला ओलावा ओढत राहतो, फुगतो, आणि एके दिवशी वरची माती नाण्यासारखी उडवून लावतो.

सूर्य कलला की रचायला सुरुवात. तळाला गोवऱ्या, एकीवर एक तिरप्या. त्यावर रांजण आणि माठ, तोंडं आतल्या बाजूला. मोठ्यांच्या पोटात आणि मधल्या सांदीकोपऱ्यांत घागरी, घागरींच्या सांदीत बोळकी. बोळक्यांना मानाची जागा नाही. उरलेल्या भोकात बसवायची. एक बोळकं तुम्ही रांजणाच्या बुडाशी तोंड खाली करून ठेवता, कारण तसं ते चांगलं बसतं. म्हातारा बघतो आणि काही बोलत नाही. मग पुन्हा गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या, वरून कुटार आणि शेवटी जुन्या मडक्यांची खापरं. सगळ्यावर राख-चिखलाचा लेप. वाऱ्याच्या अंगाला लेप जाड, आडोशाला पातळ. चार-सहा भोकं मोकळी. लांबून बघितलं तर मोठं कासव निजल्यासारखं दिसतं. म्हातारा कुंकवाचं बोट लावतो आणि विस्तव आत सरकवतो.

संध्याकाळीच का, याला दोन कारणं आहेत. एक, वारा पडलेला असतो. दुसरं, अंधारात आगीचा रंग वाचता येतो. दिवसा सगळी आग सारखीच दिसते.

पहिले दोन-तीन तास काही घडत नाही, आणि सगळं त्याच वेळात बिघडतं. नुसता धूर. पांढरा, ओलसर, हात धरला तर तळवा दमट होतो. वाळलेल्या दिसणाऱ्या मातीतही पाणी असतं. ते हळू गेलं पाहिजे. जाळ घाईने चढला तर वाफ कोंडते. तुम्ही कान देऊन बसता. आतून ‘टप्प’ असा आवाज येतो, फोडणीत मोहरी तडतडावी त्याहून जाड. म्हातारा मान हलवतो. आणखी एक. “घागर,” तो म्हणतो. आवाजावरून त्याला भांडं ओळखू येतं. मग बराच वेळ शांत.

रात्री उशिरा भोकातून आत रंग येतो. आधी काळपट लाल, इतका मंद की नजर जरा बाजूला केली तरच दिसावा. या सुमारास मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि तिथून पुढे ती माती राहत नाही: पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल होणार नाही. म्हणजे तुमच्या हातातल्या कपाचा जन्म अमुक क्षणाचा असं म्हणायचं झालं, तर तो हा. साधारण पाचशे-सहाशे अंश. कुणी टाळी वाजवत नाही. म्हातारा तंबाखू मळतो आहे.

मग वारा येतो.

वैशाखाच्या तोंडावर वऱ्हाडात असा वारा कुठूनही येतो, ढग नसताना. पश्चिमेच्या अंगाची दोन खापरं सरकतात, लेप फाटतो आणि त्या फटीतून जाळ हातभर बाहेर येतो. रंग क्षणात बदलतो: लाल, शेंदरी, जवळजवळ पिवळा. म्हातारा ओरडत नाही. माणसंच आधी धावतात. सून ओला चिखल फेकते, नातू खापर काठीने ढकलतो, तुमच्या हातात राखेचं टोपलं आलेलं असतं आणि तुम्ही ते फटीवर उपडं करता. भुवईचे केस करपल्याचा वास येतो, तुमच्याच. फट बुजते. पण पश्चिमेला जेवढी आग जास्त गेली तेवढी पूर्वेला कमी पडली, हे सगळ्यांना कळलेलं आहे. तुम्ही पूर्वेच्या भोकाशी वाकून आत बघता.

“डोकावू नोका! तुमी पाह्यता तेवढी हवा खाते थो.”

त्याने उरलेली भोकंही बुजवायला घेतली आहेत. आता आत जे आहे ते आत. माझ्या मते या कारागिरीतला सर्वांत अवघड भाग हा. चाकावर घागर उठवणं डोळ्यांसमोर असतं, चुकलं तर पुन्हा गोळा करता येतो. इथे सगळं स्वतःच्या हाताने झाकायचं, आणि हात मागे बांधून बसायचं.

सकाळ होते, दुपार होते. आवा वरून राख झालाय, बाजूला बसलं तर पाठ शेकते. उघडायचा नाही. गरम मडक्याला थंड हवा लागली की कडेपासून बुडापर्यंत एकच चीर जाते. मातीतल्या वाळूचे कण सुमारे ५७३ अंशाला एकदम आकुंचन पावतात, तो टप्पा सावकाश ओलांडावा लागतो. म्हातारा हे असं सांगतो: “भाजलं तसं निवू द्या.” तुमची एक रात्र आणि एक दिवस यात जातो. चहाची तल्लफ येते आणि चहा नाही.

सांजच्याला उकलतात. पश्चिमेच्या दोन घागरी वाकल्या आहेत, एकमेकींना टेकून. पूर्वेचा माल फिकट. म्हातारा एकेक भांडं उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारतो: टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द. बद्द बाजूला. इथे गोरोबाकाका आठवायलाच हवेत. मुक्ताबाईंनी थापटणं दाखवत हे काय म्हणून विचारलं आणि तेरच्या गोरोबा कुंभारांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर ते मारत कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. कच्चे ठरले नामदेव. मला या गोष्टीत नेहमी एक खोच दिसते. थापटणं हे ओल्या मडक्याचं हत्यार आहे. आत दगडी गुंडा धरायचा, बाहेरून थापटण्याने ठोकत भिंत पातळ करत न्यायची. भाजलेल्याला पेराची टिचकी पुरते. म्हणजे गोरोबांनी हत्यार निवडलं तेव्हाच सगळ्यांना अजून घडवायचं बाकी आहे असं धरलं होतं. किंवा गोष्ट सांगणारा कुंभार नव्हता.

रांजणाच्या बुडाशी तोंड खाली करून ठेवलेलं तुमचं बोळकं निघतं. बाहेरून लाल, आतून काळं कुळकुळीत. जळलं नाही, टिचकीला टण्ण वाजतं.

“त्याले आतून हवाच नाई भेटली,” म्हातारा म्हणतो. “हॉटेलवाला घेनार नाई. तुमी ठेवा.”

ते घ्या. अंगठा आत, काळ्या बाजूला. अजून खाली जायचं आहे.

या वेळी मोजायला खुणा नाहीत. सालं कोसळत राहतात आणि सुमारे सत्तावीसशे वर्षांनी जमीन लागते. जागा नेरची नाही, नागपूरजवळच्या महूरझरीची. माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. आत इथली माणसं पुरलेली. भाषा तुम्हाला एक अक्षर कळत नाही. आगीजवळ कुणीतरी बसलंय, बाई असावी. आणि ती तेच करते आहे: वाडगी, एकामागून एक, तोंड खाली. तुमच्याकडून जे सांदीत बसावं म्हणून झालं, ते ती मुद्दाम करते. प्रत्येक वाडग्याच्या आत भुस्सा, कडा राखेत रोवलेल्या. बाहेरच्या अंगाला हवा मोकळी, आत कोंडलेली. मातीत लोह असतं. हवा मिळाली की ते गंजाच्या रंगाचं होतं; हवा तोडली की काळं पडतं, आणि जळता भुस्सा काजळी मातीत मुरवतो. एका भांड्यात दोन्ही रंग, मधली रेघ काठाशी. एकाच भाजणीत झालं की पहिल्यांदा भाजून, निखाऱ्यासारखं असतानाच भुश्शात पालथं घालून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तुम्ही समोर आहात खरे, पण धूर डोळ्यांत जातोय आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही डोळे चोळता.

याच लोकांनी लोखंडही गाळलं. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंदला १९७८ ते ८० च्या उत्खननात त्यांच्या लोखंडाच्या भट्टीचे अवशेष मिळाले. भात्याने आगीला हवा पाजायची आणि भुश्शाने तोडायची, दोन्ही हात त्यांना वश होते. हवा तोडायची युक्ती फार पुढे दुसऱ्या कुणाला नव्याने सापडली. जपानात सोळाव्या शतकात क्योतोच्या चोजिरोने चहासाठी हाताने घडवलेली राकू वाडगी लालबुंद असतानाच आगीतून ओढून काढली जात; १९६० साली पॉल सोल्डनर नावाच्या अमेरिकन कुंभाराने तसं ओढलेलं भांडं पाल्यात टाकलं आणि काळेपणा पाहून हरखला. जगभर त्याच्या कार्यशाळा झाल्या. विदर्भातल्या बाईला हे कळवायला आता उशीर झालाय.

ती एक वाडगं काठीने उलटं करते, आत बघते, बाजूला ठेवते. त्या वाडग्याचं पुढचं ठाऊक आहे. ते दगडांच्या वर्तुळात कुणाच्या तरी सोबत पुरलं जाईल, तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेल्या घोड्यांशेजारी. १९७० ते ७२ मध्ये शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाची मंडळी तिथे खणतील तेव्हा अशी काळी-तांबडी भांडी वर येतील. तिचा आवा मात्र सापडायचा नाही. उघड्यावरचा आवा म्हणजे राख, आणि राख पहिल्या पावसात जाते. क्वचितच कुठे राहतो. घोडनदीच्या काठी इनामगावला याहून जुनी कुंभाराची गोल भट्टी मिळाली, ती विरळा.

धूर दाट होतो. अंगठा उचला.

“भाऊ, थंडा झाला ना जी. दुसरा देऊ का?”

टपरी, हॉर्न, गाणं. चहावर साय धरली आहे. कप रिकामा करून तुम्ही त्यावर पेराने टिचकी मारता: टण्ण, पण जरा बसका. टपरीवाल्याला ते बघून हसू येतं. अर्धे कच्चेच येतात, चहा गळतो, गिऱ्हाईक बोलतं, असं तो सांगतो. मग पायाने निळा डबा पुढे सरकवतो. त्यात खापरं भरलेली आहेत.

कप तुम्ही रुमालात गुंडाळून पिशवीत घालता. घरी तो खिडकीत राहतो, पेनं ठेवायला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी असताना खिडकीकडून बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो. काठाजवळ नखाएवढा टवका उडालाय. तो खिडकीच्या कट्ट्यावर पडला आहे, आणि कपाला जिथे खळगा पडला त्याच्या मधोमध पांढरी, पिठासारखी चिमूट आहे. बोट लावलं की बोटाला येते.